‘योग्य’ खोली, ‘योग्य’ सोबती

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनपर लेखनाचा विचार आपल्याकडे बहुधा बडोद्यातील अपमानाची हकीगत म्हणून होतो. ते चूक नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. तेव्हापासून आमच्या सभांतून, जयंतीच्या भाषणांतून पारशी धर्मशाळेचा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो आता ऐकणाऱ्याला टोचेनासा झाला आहे. मला मात्र हे लेखन गेली काही वर्षे निराळ्या कारणासाठी पुन्हा पुन्हा उघडावे लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वसतिगृहात कोणती खोली द्यावयाची आणि कोणाबरोबर द्यावयाची हे ठरवणाऱ्या समितीवर मी बसलो आहे. त्या खुर्चीवरून वाचले की हे लेखन एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या खोल्यांचा इतिहास म्हणून समोर येते. वसतिगृहाचे खोलीवाटप हा वाङ्मयीन नियतकालिकाचा विषय आहे काय, अशी शंका ज्यांना येईल त्यांनी एवढेच आठवावे की दलित साहित्याचे अर्धेअधिक लेखक वसतिगृहांतून आले.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. चरित्रकार त्यांच्या निवासाचा क्रम देतात तो असा : प्रथम विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये, तेथील जेवण न मानवल्यामुळे मग हिंदी विद्यार्थी राहत असत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. चरित्रांतून ही माहिती दोन-तीन ओळींत उरकली जाते. मला ती फार मोलाची वाटते. एक बावीस वर्षांचा तरुण जागा बदलतो. का? तर जेवण मानवत नाही म्हणून. तो आपला सोबती आपण निवडतो. खोली बदलण्याचे कारण इतके साधे असू शकते, हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होते. साताऱ्याच्या शाळेत गोणपाट घरून आणून त्यावर वेगळे बसणाऱ्या मुलाला जागा ‘नकोशी वाटणे’ ही चैन कधी परवडली होती?

या मैत्रीचे पुढे काय झाले तेही सर्वांना माहीत आहे. १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा ज्यांच्या पैशाचा आधार झाला त्यांत राजर्षी शाहू महाराज होते, तसेच नवल भथेनाही होते. एका खोलीत राहिल्याने माणसाला काय मिळू शकते, याचा हा हिशेब आहे. खोली म्हणजे नुसती कॉट, टेबल आणि खिडकी नव्हे. आपल्या जातीबाहेरचा एक माणूस आपल्याला झोपेत, तापात, परीक्षेच्या धास्तीत पाहतो आणि आपण त्याला पाहतो. अशी जागा भारतीय समाजाने दुसरीकडे कोठेही ठेवलेली नाही.

आता १९१७ चे बडोदे पाहा. शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानची नोकरी करावयाची म्हणून ते आले. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला राहावयास जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, शेजारी मोडक्या सामानाने भरलेला दालनवजा भाग, विजेचा दिवा नाही, कंदिलाचा उजेड आणि वटवाघळांची फडफड. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक जिन्यावरून आले. न्यूयॉर्कमध्ये खोलीचा सोबती पारशी, बडोद्यात खोलीबाहेर काढणारे पारशी. दोष एका जमातीच्या स्वभावाचा असता तर हे दोन प्रसंग एका आयुष्यात बसले नसते. फरक खोलीच्या व्यवस्थेत आहे. एका ठिकाणी दोन विद्यार्थी एकमेकांसमोर विद्यार्थी म्हणून उभे राहू शकत होते. दुसऱ्या ठिकाणी खोलीच्या आधी वही उघडत होती आणि वहीत जात असल्यावाचून नाव लिहिता येत नव्हते.

या लेखनातील सर्वात भेदक भाग माझ्या मते काठ्यांचा नाहीच. त्यानंतर बाबासाहेब दोन मित्रांकडे जातात. एक हिंदू. तो म्हणतो, तू घरी आलास तर नोकर निघून जातील. दुसरा ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला. तो म्हणतो, बायको आल्यावर विचारून सांगतो. दोघेही वाईट माणसे नाहीत. दोघेही स्वतःच्या तोंडाने नाही म्हणत नाहीत. एकाचा नकार नोकराच्या तोंडी, दुसऱ्याचा बायकोच्या. आणि संस्थानचा बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज? त्याचा निर्णय कोणी नामंजूर म्हणून दिलेला नाही. तो फक्त झालेला नाही. मग कामाठी बागेत काढलेले तास आणि रात्रीची मुंबईची गाडी. सवर्ण मानसिकतेचे इतके नेमके व्याकरण मराठी कादंबरीने अजून मांडलेले नाही. बाबासाहेब येथे एकही विशेषण चढवून वापरत नाहीत, ही त्यांच्या गद्याची ताकद आहे आणि आमच्या विद्रोही लेखकांनी ती शिकावयास हवी होती. असो.

मधल्या काळात महाराष्ट्रात या प्रश्नाची तीन उत्तरे दिली गेली आणि तिन्ही उत्तरे मोठ्या माणसांनी दिली. कोल्हापुरात १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक वसतिगृह निघाले. प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचे होऊन बसले. दार सर्वांना उघडे होते, पण आत वावरता येईल असे वातावरण एकाच जातीला होते. या अनुभवातून शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहांचा मार्ग धरला. १९०१ साली मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुस्लिम असे करीत १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातीच्या नावाची वसतिगृहे काढून जात कशी जाईल, असा आक्षेप त्यावर घेता येतो. पण ‘सर्वांसाठी’ या शब्दाचे पोकळपण महाराजांनी आधी अनुभवले होते, हे आक्षेप घेणाऱ्यांनी विसरू नये.

त्याच मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला. परतल्यावर विटाळ गेला पाहिजे म्हणून अंघोळ कर असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे छत्रपती शाहू बोर्डिंग काढले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि स्वतःच्या हातांनी राबली. तेथे कोणालाही सोबती निवडण्याचा अधिकार नव्हता. हे दुसरे उत्तर. आणि तिसरे, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात सुरू केलेले वसतिगृह : आमचे, आमच्या चळवळीने चालवलेले. याच परंपरेत पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचा परिसर येतो आणि वडाळ्याचे सिद्धार्थ विहारही येते. १९७२ नंतर दलित पँथरच्या किती रात्री त्या सिद्धार्थ विहारात जागल्या, हे त्या पिढीचे लोक अजून सांगतात. चारजण एका खोलीत, पाचवा जमिनीवर, आणि पहाटेपर्यंत वाद. त्या खोल्यांचे वाटप कोणत्याही समितीने ‘जुळवून’ केलेले नव्हते.

तेव्हा वेगळे वसतिगृह हा आपोआप अपमान होत नाही, आणि एकत्र वसतिगृह ही आपोआप समताही होत नाही. वेगळेपण कोणी ठरवले, हा प्रश्न आहे.

आजचे वाटप पाहू. विद्यापीठांतून आणि मोठ्या संस्थांतून पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी खोल्या नेहमीच अपुऱ्या. ज्यांना मिळत नाही ते मित्राच्या खोलीत ‘पॅरासाईट’ म्हणून राहतात. हा शब्द आमच्या पोरांनी स्वतःच स्वतःला लावून घेतला आहे आणि तो हसत वापरतात, पण त्यातली बोच कोणाला कळत नाही असे नव्हे. शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली. शासकीय वसतिगृहात जागा नसेल तर विद्यार्थ्याच्या खात्यात रोख रक्कम. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ती वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांसाठी ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार अशी होती. या पैशाने शिकलेली मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे योजनेला नावे ठेवणार नाही. पण शासन येथे खोली देत नाही, खोलीचे पैसे देते, आणि ते पैसे घेऊन विद्यार्थ्याला घरमालकाच्या दारात उभे करते. घरमालक पहिला प्रश्न आडनावाचा विचारतो. दुसरा, ‘नॉनव्हेज खाता का?’ बडोद्याचा प्रश्न सुटलेला नाही, त्याचे भाडे तेवढे सरकार भरते.

आणि ज्यांना वसतिगृहात जागा मिळते त्यांचे? येथे ‘जुळवणी’ हा शब्द येतो. मराठीत जुळवणी म्हटले की पत्रिका आठवते. गुण जुळतात की नाही ते पाहून लग्न ठरवावयाचे, आणि गुण पाहण्याआधी जात पाहिलेलीच असते. खोलीवाटपाचेही तसेच झाले आहे. अर्जात जातीचा रकाना सोबती ठरवण्यासाठी नसतो, हे मी मान्य करतो. तेथे सवयी विचारतात. लवकर उठता की उशिरा, अभ्यास कोठे करता, आहार कोणता. परदेशी विद्यापीठांतही अशीच प्रश्नावली असते आणि तेथे ती बहुधा निरुपद्रवी असते. झोपेची वेळ जुळावी, यात वाईट काय? पण आपल्या देशात आहार ही सवय नाही. आपल्याकडे ताटावरून जात ओळखता येते. मुंबईच्या आयआयटीत २०२३ साली भोजनगृहातील काही टेबले शाकाहारींसाठी राखण्यावरून वाद झाला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला. टेबलाची ही गोष्ट. खोलीत तर चोवीस तास राहावयाचे असते. ‘शाकाहारी सोबती हवा’ एवढे लिहिले की पुढचे सारे न लिहिता लिहिले जाते. हीच ओळ अमेरिकेला शिकावयास निघालेली आमची मुले विमानात बसण्याआधी घर शोधताना वापरतात, आणि मग २०२२ साली कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात हा शब्द घालावा लागतो. न्यूयॉर्कच्या ज्या देशात बाबासाहेबांना आपल्या अस्पृश्यतेची जाणीव पुसली गेल्यासारखी वाटली होती, त्या देशात ती जाणीव आपण भरून पाठवली.

जुळवणीचा शेवट काय होतो, याचे एक सरकारी दस्तऐवज उपलब्ध आहे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या तिच्या अहवालाने नोंदवले की वसतिगृहात अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी त्रास चुकवण्यासाठी खोल्या बदलत बदलत वरच्या मजल्यांवर एकवटले आहेत. कोणी त्यांना ‘वर जा’ असा लेखी आदेश दिलेला नव्हता. प्रत्येक खोलीबदलाचा अर्ज स्वेच्छेचा होता. स्वेच्छेच्या अर्जांतून गावकुसाबाहेरचा मजला तयार झाला. दहा वर्षे उलटण्याच्या आत, जानेवारी २०१६ मध्ये, हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील पाच दलित संशोधक विद्यार्थी वसतिगृहातून बाहेर काढले गेले आणि गाद्या व बाबासाहेबांची तसबीर घेऊन उघड्यावर येऊन राहिले. त्या जागेला त्यांनी ‘वेलिवाडा’ असे नाव दिले, म्हणजे दलितवाडा. १७ जानेवारीला रोहित वेमुलाने एका मित्राच्या खोलीत आयुष्य संपवले. मरायलाही स्वतःची खोली उरली नव्हती. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी पदव्युत्तर विद्यार्थिनीने वसतिगृहातच जीव दिला. सुरुवातीला ज्या वरिष्ठ सहकारिणींबरोबर तिला खोलीत राहावे लागले, त्यांच्यावरही पुढे छळाचा आरोप आला, असे तिचे कुटुंबीय सांगत आले. खटल्याचा निवाडा न्यायालय करील. मला एवढेच विचारावयाचे आहे की तिला ती खोली देताना कागदावर कोणते गुण जुळले होते?

येथे आपल्या साहित्याविषयी एक तक्रार. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) संगमनेरचे बोर्डिंग येते, प्र. ई. सोनकांबळ्यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) औरंगाबादचा शिक्षणप्रवास येतो. या आत्मकथनांनी वसतिगृह मराठी साहित्यात आणले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य. पण तेथे वसतिगृह प्रामुख्याने भाकरीचे ठिकाण आहे. दोन वेळचे जेवण, शिष्यवृत्तीची वाट, सुटीत घरी जाण्याची लाज. ते स्वाभाविक होते, कारण त्या पिढीचा खोलीतला सोबती बहुधा आपलाच होता. आज आमची मुले सवर्ण सोबत्याच्या कॉटशेजारी झोपतात. रात्री दिवा कोणी घालवायचा, आईने पाठवलेला डबा उघडायचा की नाही, भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र लावताना खिळा ठोकायची परवानगी मागायची की नाही, प्रवेशाचे गुण विचारले तर काय सांगायचे. हे सारे अनुभव आहेत, पण ते साहित्यात नाहीत. आमचे तरुण कवी अजून गावकुसावरच लिहितात. गावकूस खोलीत आले आहे, दोन कॉटच्या मध्ये आले आहे, हे त्यांना दिसत नाही असे नाही. ती भाषा अजून हाताला लागलेली नाही. समीक्षकांनी त्यांच्याकडून ती मागावयास हवी.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. समितीवर पहिल्या वर्षी आम्ही तिघे होतो. अर्जांचे गठ्ठे लिपिकाने आधीच लावून ठेवले होते, कोणत्या क्रमाने ते कोणी विचारले नाही. माझ्यापुढे ग्रामीण भागातून आलेल्या दोन मुलांचे अर्ज आले. एक बौद्ध, रसायनशास्त्राचा. दुसरा मातंग, मराठीचा. दोघांच्याही घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिलाच मुलगा. मी स्वतः जेथून आलो तेथूनच ती मुले येत होती. त्यांना एका खोलीत टाकले तर आधार होईल, अशा सद्भावनेने मी तसे केले. माझ्या शेजारच्या सवर्ण सहकाऱ्याने मान डोलावली. त्याने इतक्या लगेच मान डोलावली तेव्हाच मला संशय यावयास हवा होता.

दिवाळीनंतर रसायनशास्त्राचा मुलगा मला भेटायला आला. म्हणाला, “सर, एक विचारू का? आमची खोली तुम्ही आडनावं बघून दिलीत का?” मी म्हणालो, तुम्हाला बरे वाटावे म्हणून दिली. त्यावर तो म्हणाला, “बरं वाटतं सर. आमचं चांगलं जमतं. पण मजल्यावर आमच्या खोलीला नाव पडलंय.” काय नाव, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. तो गेल्यावर मला बडोद्याचा तो हिंदू मित्र आठवला, ज्याला मनापासून वाईट वाटले होते. नोकराच्या नावाने त्याने जे केले ते मी सहानुभूतीच्या नावाने केले होते.

मग करावयाचे काय? मला वाटते, दोन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या कराव्या लागतील. पहिल्या वर्षी खोली चिठ्ठीने पडावी, सर्वांसमोर, अर्जावरचे नाव झाकून नुसत्या क्रमांकाने. आहाराचा रकाना खानावळीसाठी ठेवावा, खोलीसाठी वापरू नये. नंतर खोली बदलून हवी असेल तर कारण लेखी द्यावे आणि ते कारण नोंदवहीत राहावे. ‘परस्परसंमती’ हे कारण होऊ शकत नाही, कारण ज्याला नकोसे केले जाते तोही शेवटी संमती देतोच. पण ज्या विद्यार्थ्याला त्रास होतो त्याने आपल्या माणसांत जाऊन राहण्याची मागणी केली तर ती त्या दिवशी मान्य व्हावी, आणि त्रास देणाऱ्याला मात्र सोबती बदलून मिळू नये. हे असमान आहे, असे माझे सहकारी म्हणतील. होय, असमान आहे. शाहू महाराजांचे १९०१ असमान होते. भाऊरावांचे १९२४ सक्तीचे होते. सक्ती आणि संरक्षण यांतले एकच निवडा, असे दोघांपैकी कोणालाही कोणी विचारले नव्हते, मग आम्हालाच का विचारले जाते? जागाच कमी असताना हे सारे व्यर्थ आहे, असाही एक युक्तिवाद होतो. जागा वाढल्याच पाहिजेत, त्यासाठी आमच्या संघटना मोर्चे काढतातच. पण आहेत त्या खोल्यांत कोण कोणाशेजारी झोपते, हे ठरवायला पैसा लागत नाही.

वरील मुद्दे मी दोन पानांत लिहून समितीच्या अध्यक्षांकडे दिले. त्यांनी ते वाचले, चांगले आहेत म्हणाले. त्यानंतर समितीच्या दोन बैठका झाल्या, दोन्हींच्या विषयपत्रिकेत तो विषय नव्हता. येत्या जूनला पुन्हा अर्ज येतील. लिपिक गठ्ठे लावून ठेवील.